जागेची अदब

‘हमारे गाँव में देखने जैसा कुछ नहीं है, क्योंकि यहाँ आज तक एक भी शूटिंग नहीं हुई.’ आठवीतल्या एका मुलीनं निबंधाची सुरुवात अशी केली होती. विषय नेहमीचाच, ‘माझं गाव’. मी शिरूरच्या एका उर्दू शाळेत शिकवते. वह्या तपासताना हातात लाल पेन असतं आणि नजरेला चुका शोधायची सवय लागलेली असते. या वाक्यात इमल्याची चूक नव्हती, व्याकरणाचीही नव्हती. तरी पेन तिथंच अडलं. शेवटी समासात काहीच न लिहिता मी वही बाजूला ठेवली.

तिला रागावण्याचा हक्क मला नव्हताच. पंधरा दिवसांपूर्वी, दिवाळीच्या सुट्टीत, मी स्वतः मुंबईत सिनेमाच्या जागा बघत फिरून आले होते, तेही पैसे भरून. आल्यावर वर्गात मोठ्या हौसेनं सांगितलं, मोबाईलवरचे फोटो फिरवले. इथं अमुक गाणं झालं, तिथं तमुक हिरो धावला. मुलं डोळे मोठे करून ऐकत होती. मग त्या मुलीनं हिशोब मांडला: जिथं शूटिंग होतं ते बघण्यासारखं. आपल्याकडे होत नाही, म्हणजे आपल्याकडे काही नाही. हिशोब माझाच होता, तिनं फक्त बेरीज करून दाखवली.

माझं माहेर दौंडचं. अब्बा रेल्वेत पॉइंट्समन होते. धाकटा भाऊ आता मुंब्र्याला असतो. ‘आपा, तू येतेस आणि चार दिवस घरातच बसतेस’ अशी त्याची तक्रार. या वेळी त्यानं रविवारी सकाळची एक फेरी ठरवून टाकली. दहा-बारा माणसं, सोबत एक वाटाड्या, आणि पायी चालत दक्षिण मुंबईतल्या सिनेमात दिसलेल्या जागा बघायच्या. भाऊ, भावजय, त्यांची दहा वर्षांची मुलगी आणि मी. बाकी एक नागपूरचं कुटुंब, कॉलेजची काही मुलं, एक परदेशी जोडपं. वाटाड्या पंचविशीचा, हसतमुख, हिंदी-इंग्रजीची खिचडी करून बोलणारा. त्याला सिनेमा पाठ होता. कुठल्या गाण्यात मागे कुठली इमारत दिसते हे तो असं सांगायचा, जसं आमच्याकडची म्हातारी माणसं कोण कुणाचा चुलतभाऊ लागतो ते सांगतात.

फेरी सुरू झाली छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून. फ्रेडरिक स्टीव्हन्सनं आराखडा केलेली ही इमारत १८८७ साली वापरात आली. २००४ मध्ये तिचं नाव जागतिक वारसा यादीत लागलं. हे सगळं वाटाड्यानं एका दमात उरकलं आणि मग आवाज बदलून म्हणाला, ‘आणि आता खरी गोष्ट.’ खरी गोष्ट म्हणजे ‘स्लमडॉग मिलियनेअर’. त्या सिनेमाच्या शेवटी नायक-नायिका आणि त्यांच्यामागे भलामोठा घोळका फलाटावर नाचतो, ते हेच स्टेशन. ए. आर. रहमानला त्याच गाण्यानं २००९ साली ऑस्कर दिलं. वाटाड्यानं मोबाईलवर गाणं लावलं आणि म्हणाला, चला, दोन स्टेप कोण करतंय? कॉलेजची मुलं पुढे झाली. माझी भाचीही. भाऊ म्हणाला, ‘आपा, तू व्हिडिओ घे, तुझा मोबाईल चांगला आहे.’ मी घेतला. मुली नाचल्या, लोक हसले, कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मेन लाइनच्या त्या हॉलच्या तोंडाशी आम्ही उभे होतो. व्हिडिओ थांबवून मान वर केली आणि आपण कुठं उभे आहोत ते माझ्या लक्षात आलं.

दौंडच्या माणसाला मुंबई म्हणजे आधी हा हॉल. सोलापूरकडून येणारी गाडी इथं सोडते आणि परतीची गाडी इथूनच निघते. अब्बांना पास मिळायचा, त्यावर वर्षातून एकदा आम्ही मुंबईला यायचो. कधी हाजी अलीला, कधी अम्मीच्या डोळ्यांसाठी, कधी लग्नाला. गाडी रात्रीची. हॉटेलात थांबण्याची ऐपत नव्हती, तसा विचारही कुणाच्या मनात येत नसे. संध्याकाळीच हॉलमध्ये येऊन अम्मी चादर अंथरायची. चार कोपऱ्यांवर चार पिशव्या, मध्ये आम्ही. डब्यातलं खिमा-रोटी खायचं, थर्मासमधला चहा प्यायचा, एकानं जागायचं आणि बाकीच्यांनी आडवं व्हायचं. आजूबाजूला अशाच चादरी. कुणी बिहारचं, कुणी लातूरचं. दोन तासांच्या ओळखीवर बायका एकमेकींची मुलं सांभाळायच्या. ताजमहाल हॉटेल मी लहानपणी बाहेरूनसुद्धा पाहिलं नाही. पण मुंबईत आमच्या मालकीची जागा कुठली असं कुणी विचारलं असतं, तर मी या हॉलमधला चादरीएवढा तुकडा दाखवला असता.

आणि इथंच २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री दोघांनी बंदुका चालवल्या. या एका स्टेशनात ५८ माणसं गेली, शंभराहून जास्त जखमी झाली. मेलेले बहुतेक आमच्यासारखेच, चादर अंथरून बसलेले, आणि त्यात मुसलमानही पुष्कळ. उपनगरी गाड्यांच्या बाजूला विष्णू झेंडे हे रेल्वेचे उद्घोषक आपल्या खोलीतून माइकवर लोकांना मागच्या बाजूनं बाहेर पडायला सांगत राहिले, म्हणून कितीतरी जीव वाचले. अब्बा त्या रात्री दौंडला ड्यूटीवर होते. सकाळी घरी आले ते चहा न घेता तसेच बसून राहिले.

आमचे खालू त्या हॉलमध्ये होते. दौंडला त्यांचं कटलरीचं छोटं दुकान. बांगड्या, पिना, रिबिनी यांचा माल आणायला ते महिन्या-दोन महिन्यांनी अब्दुल रहमान स्ट्रीटला जायचे आणि रात्रीच्या गाडीनं परतायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी ते घरी पोचले, पायात एकच चप्पल. मालाचं गाठोडं तिकडंच राहिलं. काय पाहिलं ते त्यांनी खालालाही कधी सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही.

तारखांकडे जरा नीट पाहावं लागतं. सिनेमाचं चित्रीकरण हल्ल्याच्या आधीचं. तो भारतात लागला २३ जानेवारी २००९ रोजी, म्हणजे हल्ल्याला दोन महिनेही पूर्ण झाले नव्हते. लोकांनी थिएटरात बसून त्या फलाटावरचा नाच पाहिला तेव्हा सगळ्यांना ती रात्र आठवत होती. नाचणाऱ्यांना मात्र काहीच ठाऊक नव्हतं. ते निर्दोष. पण आज तिथं मोबाईल घेऊन उभी असलेली मी? मला तर ठाऊक होतं. वाटाड्याच्या तोंडून त्या रात्रीबद्दल एक शब्दही आला नाही. मनात आलं, याला थांबवावं, म्हणावं, बाबा, इथं माणसं मेली आहेत. म्हटलं मात्र नाही. गाणं संपलं होतं आणि घोळका पुढे निघाला होता.

नंतरच्या दोन तासांत मला मजा आली नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. काळाघोड्याजवळ वॉटसन हॉटेलची जुनी, लोखंडी सांगाड्याची इमारत आहे. ७ जुलै १८९६ रोजी तिथं ल्युमिए बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या, तिकीट एक रुपया. हिंदुस्थानात सिनेमा आला तो दिवस. दाखवलेल्या फितींत एक होती स्टेशनात शिरणाऱ्या आगगाडीची. रेल्वेवाल्याच्या मुलीला हे ऐकून किती बरं वाटलं म्हणून सांगू! जगातल्या नावाजलेल्या पहिल्या सिनेमांत गाडी होती, म्हणजे कुठंतरी पॉइंट्समनही असणारच. टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर आम्ही बसलो. या पायऱ्या सिनेमात इतक्या वेळा आल्या आहेत की कोर्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे त्याच येतात. तिथं कोर्ट नाही, एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे. ओव्हल मैदानाजवळ वाटाड्यानं ‘मंज़िल’ची आठवण काढली. १९७९चा सिनेमा, अमिताभ आणि मौसमी चटर्जी खऱ्या पावसात या रस्त्यांवरून भिजत चालतात. आणि ‘सी.आय.डी.’, १९५६चा. त्यातल्या गाण्यात मुंबईच्या रस्त्यावर मिस्कील तोंड करून फिरणारा जॉनी वॉकर, म्हणजे बद्रुद्दीन जमालुद्दीन काज़ी, आधी याच शहरात बसचा कंडक्टर होता. ऊन चांगलं तापलं होतं तरी भावजय रस्त्याच्या कडेनं अशी चालत होती, जणू तिच्यावर तो ‘मंज़िल’चा पाऊस पडतो आहे.

मला प्रश्न पडला तो इथं. आपण नक्की काय बघायला येतो? जिथं काही घडलेलं आहे अशा जागी माणूस जातो हे समजतं. मज़ारवर जातो, किल्ल्यावर जातो, आजोबांच्या पडक्या घराकडे जातो. पण सिनेमाच्या जागी तर काहीच घडलेलं नसतं. दोन माणसांनी प्रेमाचं सोंग केलं, कुणीतरी ‘कट’ म्हणालं, माणसं चहा प्यायला गेली. न घडलेल्या गोष्टीची ही ज़ियारत कशासाठी?

माझं उत्तर असं, की सोंग त्यांचं होतं, पण रडलो-हसलो ते आपण, आणि ते खरं होतं. त्या पावसात कधी भिजलो नाही तरी आपल्या तरुणपणातला एक पाऊस तिथंच पडलेला असतो. ती जागा बघायला गेलेला माणूस खरं म्हणजे आपलंच काहीतरी शोधत असतो. त्यात हसण्यासारखं काही नाही. सिनेमाला फालतू म्हणणारे आमच्या समाजात कमी नाहीत. मी त्यांच्यातली नाही. दिलीपकुमारच्या एका संवादावर अब्बांनी आख्खी नाईट ड्यूटी काढलेली मी पाहिली आहे.

मात्र या शोधात एक मखलाशी आहे, आणि ती मला मुंबईत नाही, आमच्याच लाइनवर कळली होती. दौंडहून सोलापूरकडे निघालं की भिगवणनंतर थोड्या वेळानं जेऊर लागतं. जेऊर नागराज मंजुळे यांचं गाव, करमाळा तालुक्यातलं. २०१६ साली ‘सैराट’ आला आणि आमच्या मोहल्ल्यातली पोरंसुद्धा मोटारसायकली काढून करमाळ्याकडे धावली. आर्ची-परश्या जिथं फिरले ते रान, ती झाडं, ते पाणी. पोरं हात पसरून फोटो काढून आली. या भागाला आजवर कुणी ‘बघण्यासारखा’ म्हटलं नव्हतं. उन्हाळ्यात गाडीच्या खिडकीतून दिसणारा तो उघडा माळ आम्ही पडदा ओढून टाळायचो. कॅमेरा फिरला आणि माळ सुंदर झाला. म्हणजे तो आधीही सुंदर होता, आम्हाला बघता येत नव्हतं. हे सिनेमाचं देणं मी मान्य करते.

पण सैराट संपतो कशानं? हैदराबादमधल्या एका छोट्या घरात, दोघांच्या रक्तानं. लहानगं पोर बाहेर येतं आणि त्याच्या पावलांचे लाल ठसे उमटतात. जातीबाहेर प्रेम केलं म्हणून सख्ख्यांनी मारलेल्या पोरापोरींची ती गोष्ट आहे. त्या घराचा पत्ता कुणी विचारला नाही. आपण गाण्याच्या जागी जातो, मरणाच्या जागी जात नाही. आणि मित्रासाठी मार खाणारा तो सल्या, सलीम, तो कुठं राहायचा हे तर आमच्या पोरांनीही विचारलं नाही. तेव्हा मी पोरांना चांगलं सुनावलं होतं. ‘तुम्ही अर्धाच सिनेमा बघून आलात’ वगैरे. आता टर्मिनसवर मी तेच केलं होतं. सुनावायला कुणी नव्हतं म्हणून मीच स्वतःला सुनावत दौंडला उतरले.

खालू आता सत्तरीला आले आहेत. दुकान मुलगा बघतो. त्या रात्रीनंतर ते मुंबईला गेले नाहीत, माल मुलगाच आणतो. संध्याकाळी मी खालाकडे गेले तेव्हा भाचीचा तो व्हिडिओ सगळ्यांना बघायचा होता. मी टाळत होते. खालू म्हणाले, ‘बता ना, क्यूँ छुपा रई?’ मला खोटं बोलता येईना. म्हटलं, ‘खालू, उस हॉल का है. बच्ची नाची वहाँ. मुझे अच्छा नहीं लगा.’ आणि मोबाईल त्यांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा लावून व्हिडिओ दोनदा बघितला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. वाटलं, आता मोबाईल खाली ठेवतील आणि उठून जातील. पण ते हसले. म्हणाले, चांगली नाचते पोरगी. मग त्या रात्रीबद्दल, माझ्या माहितीत पहिल्यांदाच, ते आपणहून बोलले. फार नाही, चार-पाच वाक्यं. मी त्यांचं बोलणं मराठीत सांगते. त्या हॉलमध्ये मी कमीत कमी पन्नास रात्री झोपलो असेन. तिथं मी जेवलो, नमाज़ पढलो, एका अनोळखी माणसानं माझं गाठोडं राखलं म्हणून निवांत झोपलो. ते दोघे आले ते थोडा वेळ. त्या थोड्या वेळासाठी मी माझ्या पन्नास रात्री त्यांच्या नावावर करून देऊ? बरंच झालं, तिथं कुणी नाचलं.

मी गप्प झाले. इतके दिवस मी जो राग बाळगला होता तो खालूंच्या वतीनं बाळगला होता आणि खालूंनी तो घ्यायला नकार दिला. दुसऱ्याच्या दुःखाची वकिली करताना आपण त्याला विचारत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मेलेल्यांच्या घरच्यांचं काय, त्यांनाही असंच वाटेल का? वाटणार नाही, कदाचित. ज्याचा मुलगा तिथून परतलाच नाही त्या बापाला तो नाच बघवणार नाही आणि त्याच्यासमोर मी खालूंचं बोलणं पुराव्यासारखं ठेवणार नाही. खालू वाचले होते. वाचलेल्याला जे म्हणता येतं ते सगळ्यांनाच म्हणता येत नाही. हा गुंता माझ्याच्यानं सुटलेला नाही, तो तसाच ठेवते.

पण गोष्ट तिथं संपली नाही. खालूंनी तिसऱ्यांदा व्हिडिओ लावला, मध्येच थांबवला आणि बोट ठेवलं. ‘ये लोगां कौन?’ भाचीच्या मागे, हॉलच्या आत, एक कुटुंब चादरीवर जेवत बसलं होतं. नवरा, बायको, दोन लेकरं, मध्ये उघडा डबा. व्हिडिओ घेताना मला ते दिसलेही नव्हते. आता दिसलं की ती बाई कॅमेऱ्याकडे बघते, घास हातातच थांबतो, मग ती ओढणी कपाळावरून पुढे घेते आणि पाठ फिरवते. तीन-चार सेकंदांचं काम. ‘इनकू पूछा था?’ खालू म्हणाले.

नव्हतं विचारलं. आणि हे दृश्य मी चाळीस मुलांच्या वर्गात दाखवलं होतं.

त्या बाईच्या जागी अम्मी असती तर तिनंही अगदी तेच केलं असतं. ओढणी पुढे आणि पाठ. मला ज्याची लाज वाटत होती तो नाच खालूंनी माफ केला, आणि जे मला जाणवलंही नव्हतं ते त्यांनी पकडलं. मेलेल्यांचा मान राखायचा म्हणून मी कासावीस, आणि समोर जिवंत बसलेल्यांना मी भिंतीसारखं धरलं. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि घरच्यांना सलाम केल्याशिवाय शिरू नये असा हुकूम आहे. लहानपणी मौलवीसाहेबांनी तो आम्हाला दारावर तीनदा थाप देण्याच्या हिशोबानं शिकवला. ज्याला दार आहे त्याचं ठीक. पण ज्याचं घर म्हणजे दोन तासांपुरती अंथरलेली चादर, त्याचं दार कुठं असतं? माझ्या मते चादरीच्या काठावर असतं. आणि मी ते मोबाईलनं ओलांडलं होतं.

धारावीत पाहुण्यांना पायी फिरवून आणण्याचा उद्योग वीस वर्षं तरी चालू आहे. ‘स्लमडॉग’नंतर त्याला जोर आला. गरिबी बघायला पैसे घेतात म्हणून त्यावर टीका झाली, ती मला पटतही होती. पण त्यातल्या काहींनी एक नियम केला आहे, की वस्तीत फोटो काढायचा नाही. हा नियम मला आधी दिखाऊ वाटायचा. आता वाटतं, त्यात निदान एवढी कबुली आहे की समोर दिसतं ते सगळं घेण्यासाठी नसतं. उलट वांद्र्याला नटांच्या बंगल्यांबाहेर तासन्‌तास उभे राहणारे लोक असतात. त्यांची मला आता तेवढी चीड येत नाही. नटानं निदान बघून घेण्याचं काम पत्करलेलं आहे, त्या डबेवालीनं नाही.

व्हिडिओ मी काढून टाकला. भाची रुसली. तिला समजावणं सोपं गेलं नाही, अजूनही पूर्ण समजलंय असं नाही. ती म्हणते, ‘फुप्पू, सिनेमावाल्यांनी तरी सगळ्यांना विचारलं होतं का?’ या प्रश्नावर मी तिला शंभर रुपये देऊन विषय बदलला, जे कुठल्याही बी.एड.च्या पुस्तकात सांगितलेलं नाही.

राहता राहिली ती निबंधाची वही. शिरूरमध्ये बघण्यासारखं काही नाही, हे वाक्य. त्याखाली ‘असं नसतं’ लिहिणं सोपं होतं. मी एका शनिवारी, शाळा सुटल्यावर, आठवीच्या वर्गाला पायी फिरायला नेलं. वाटाडी मीच. घोडनदीचा पूल दाखवला, गावाला जुनी माणसं अजून घोडनदीच का म्हणतात ते सांगितलं. इंग्रजांची छावणी इथं होती. १८१७च्या ३१ डिसेंबरला रात्री इथूनच पलटण कोरेगावकडे निघाली. आणि कर्नल वॉलेसची गोष्ट सांगितली, जो १८०९ मध्ये वारला आणि ज्याला आसपासच्या लोकांनी सत्पुरुष करून टाकलं. जुन्या गॅझेटियरात नोंद आहे की सुगीला गावकरी पहिलं धान्य त्याच्या थडग्याला नैवेद्य म्हणून आणत. परक्या फौजेचा अंमलदार, परक्या धर्माचा. लोकांनी त्याचा चांगुलपणा लक्षात ठेवला आणि बाकीचं सोडून दिलं. मुलांनी ऐकून घेतलं. एकानं विचारलं, ‘टीचर, यावर पिक्चर आहे का?’ नाही म्हटल्यावर त्याचं लक्ष भेळेच्या गाडीकडे गेलं. माझी फेरी काही फार गाजली नाही, हे कबूल करते.

परतताना मी म्हटलं, आता तुम्ही दाखवा. एकेकानं आपली एक जागा दाखवायची. आधी कुणी बोलेना. मग एक मुलगा एस.टी. स्टँडजवळ थांबून म्हणाला, इथं माझे अब्बा भुर्जीची गाडी लावतात. एकीनं दवाखान्याची खिडकी दाखवली, माझा भाऊ तिथं जन्मला. कुणीतरी नदीतली ती जागा दाखवली जिथं त्याला पोहता येतं हे त्याला पहिल्यांदा कळलं. ती निबंधवाली मुलगी सगळ्यांत मागं होती. बाजारातल्या एका बंद दुकानाच्या फळीपाशी ती थांबली आणि म्हणाली, ‘यहाँ मेरी दादी बैठती थी. सब्ज़ी लेके.’ दोन मुलांनी सवयीनं मोबाईल वर केले. तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी मुलांना म्हटलं, आधी तिला विचारा. त्यांनी विचारलं. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, ‘नको.’ मोबाईल खाली झाले. मग आम्ही सगळे त्या फळीकडे नुसतेच बघत उभे राहिलो, मिनिटभर असू.

परवा हे खालूंना सांगितलं. त्यांना शिरूरच्या फळीत रस नव्हता. त्यांचं मन अजून त्या व्हिडिओतच होतं. हॉलमध्ये एका खांबाजवळ वरचा पंखा घरघर करायचा, आणि म्हणून तिथली जागा नेहमी रिकामी मिळायची, असं ते म्हणाले. त्यांची जागा तीच. ‘वो पंखा है क्या अब्बी?’

मी वर बघितलंच नव्हतं.